शिजलेला शिधा

फाट्यावर ऑटोतून उतरल्या उतरल्याच चमेलीबाईंना लसणाच्या फोडणीचा वास आला. वारा गावाकडून होता. कोणाच्या घरी कार्यक्रम आहे, असं त्यांनी चुन्नीलालांना विचारलं. चुन्नीलालांना माहीत नव्हतं. उन्हाळी धानाची रोवणी नुकतीच झाली होती आणि ते कोणाच्या बांधीत किती पाणी आहे ते बघत चालले होते. गाव जवळ येत गेलं तसा वास वाढला. धाकट्या दिराचं, शालीकरामचं घर मागे पडलं तरी तो कमी झाला नाही, तेव्हा चमेलीबाईंनी पदर खोचला आणि पावलं उचलली.

स्वयंपाकघरात चुलीवर दोन मोठे गंज होते. एकात वरण रटरटत होतं. दुसऱ्यात वांग्या-आलूची भाजी तयार होती. भाताचा तिसरा गंज उतरवून, वर ओलं फडकं टाकून बाजूला ठेवलेला होता. शाळेत खिचडी शिजवणारी भाग्यश्री परातीत डाळीचे बडे निथळत होती आणि घरची सून उर्वशी, कपाळाला राख लागलेली, चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारं हसू घेऊन उभी होती.

"हे कायले शिजवलं वो?" चमेलीबाईंनी विचारलं.

"जत्थ्यासाठी, मम्मीजी. बाबूजींचा फोन आला ना, आजच येऊन राहिले म्हणून."

फोन आला होता हे खरं. चुन्नीलाल आणि चमेलीबाई सकाळपासून आमगावला भाचीच्या मुलाच्या बारशाला गेले होते. तिथे जेवणाच्या ताटावरच चुन्नीलालांना सुकराम मडावींचा फोन आला की यंदा चाल चांगली पडली, म्हणून मुक्कामाला उद्याऐवजी आजच पोहोचतो. चुन्नीलालांनी लगेच सुनेला कळवलं, की मडावींचा जत्था आज सांजच्याला येऊन राहिला, आपण निघालोच आहोत, तोवर तयारी ठेव. तयारी म्हणजे काय, हे रहांगडालेंच्या घरात कोणी कोणाला सांगत नसे. ते सगळ्यांना माहीत असे. उर्वशीला नव्हतं, कारण ती मागच्या उन्हाळ्यात गोंदियाहून लग्न होऊन आली होती आणि तिचा हा पहिलाच माघ होता.

भाग्यश्रीने परात खाली ठेवली आणि घरी म्हैस दुहायची आहे असं सांगून ती निघून गेली.

घरची पद्धत अशी होती. नागझिऱ्याच्या जंगलाकाठच्या गावांतली गोंड माणसं दर माघात पौर्णिमेच्या आधी सतरंगी झेंडा घेऊन पायी कचारगडला निघत. आमगाव मागे टाकलं की त्यांचा एक मुक्काम रहांगडालेंच्या अंगणात पडे. चुन्नीलालांचे वडील भैयालाल यांच्या काळापासून हे चालत आलं होतं. घराने अंगण द्यायचं, झोपायला तणस द्यायची, सरपण आणि पाणी द्यायचं, आणि कोरडा शिधा द्यायचा. माणसं तीस-पस्तीस असत. ती तीन दगड मांडून स्वतःचं स्वतः शिजवत. शिजवलेलं अन्न त्यांना द्यायचं नाही, कारण गुहेतल्या देवाचं दर्शन होईपर्यंत परक्या चुलीवरचं खायचं नाही, असा त्यांचा नेम होता. म्हणून शिधा उत्तम द्यायचा. चमेलीबाई त्यासाठी दर वर्षी चिन्नोर तांदूळ वेगळा काढून ठेवत. जावयाला साधा भात वाढला असेल त्यांनी, पण जत्थ्याचा चिन्नोर कधी फोडला नाही.

त्यांनी गंजावरचं फडकं उचललं. तोच होता. लांब, मोकळा, सुगंधी, एकूण एक शिजलेला.

"सारा टाकला?"

"सारा. तुम्ही वेगळा काढून ठेवला होता ना, तर मले वाटलं याचाच कराचा."

उर्वशीच्या माहेरी ही गोष्ट वेगळी होती. नवरात्रात डोंगरगडला पायी जाणाऱ्यांसाठी गोंदियात तिच्या मोहल्ल्यात मंडप पडायचा. नऊ दिवस पुरी-भाजी, चहा, पाय शेकायला गरम पाणी. चालून आलेल्या माणसाच्या हातात कच्चे तांदूळ ठेवायचे, ही कल्पना तिला कोणी सांगितली असती तरी तिने ती थट्टाच समजली असती. उलट आज सासू घरी नाही, सासऱ्यांनी काम आपल्यावर सोडलं, तर ते असं करू की या घरात पुन्हा कोणी आपल्याला 'शहरातली' म्हणणार नाही, एवढाच विचार करून ती दुपारपासून राबत होती.

चमेलीबाईंनी तिला नेम सांगितला. आवाज चढवला नाही, आणि तेच उर्वशीला जास्त लागलं.

*

चुन्नीलाल ओसरीवर बसले. त्यांच्यासमोर दोन अडचणी होत्या आणि दोन्ही वेगवेगळ्या होत्या. द्यायचं ते राहिलं नव्हतं, आणि जे होतं ते देता येत नव्हतं. कोठीत धान भरपूर होतं, पण ते कुटायला गिरणी उद्या उघडणार. दुकानातला तांदूळ जत्थ्याला देणं त्यांना पटेना. पाहुण्याला विकतचा तांदूळ देणारा धानवाला कसला?

हेमेंद्र बिरसीहून आला. तो विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होता आणि दिवसभर लोकांना घाईत पाहून स्वतः कधी घाई करत नसे. त्याने आधी आईचं ऐकलं आणि म्हटलं, बरोबर आहे. मग आत जाऊन बायकोचं ऐकलं आणि बाहेर येऊन म्हटलं, तिचं काय चुकलं? चमेलीबाईंनी त्याला सांगितलं, की तू हातपाय धू आणि कोणाच्याही बाजूने बोलू नको.

एवढ्यात कुंपणापलीकडून शालीकरामचा आवाज आला. वाटणी झाल्यापासून दोन भावांचं बोलणं कुंपणावरूनच होई. मधे ते कुंपण असल्यामुळे दोघेही एकमेकांशी जरा बरं वागत. शालीकरामला बातमी भाग्यश्रीकडून आधीच कळली होती. त्याने दोन उपाय सुचवले. पहिला, त्याच्या घरी जाडा तांदूळ आहे, तो शिधा म्हणून द्यावा, परत केव्हाही करा. दुसरा, शिजलेलं वाया कशाला घालवता, उद्या सकाळी गावाला पंगत देऊ, मी सगळ्यांना सांगतो. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि पंगत कोणाची हे तो कोणत्या शब्दांत सांगेल, ते चुन्नीलालांना कळत होतं. पण जाडा तांदूळ घेण्यावाचून इलाज नव्हता. भावाचा तांदूळ निदान दुकानाचा नव्हता.

ठरलं ते असं: जाडा तांदूळ आणि डाळ अंगणात मांडायची. तिन्ही गंज मागच्या खोलीत ठेवून दार ओढून घ्यायचं.

उर्वशीने एकदाच तोंड उघडलं. "आपण विचारून तर पाहू. नाही म्हणतील तर नाही."

"तेच विचाराचं नाही," चमेलीबाई म्हणाल्या. "नेमाच्या माणसाले जेव म्हटलं तर त्याले नाही म्हणा लागते. पाहुण्याले आपल्या दारात नाही म्हणा लावलं, तर आपलं काय राहिलं? तू विचारशील नाही. कबूल?"

उर्वशी कबूल झाली. मग तिने आणि हेमेंद्रने मिळून गंज आत नेले. वाटेत हेमेंद्र म्हणाला की भात एवढा मोकळा आईलाही जमत नाही. हे तो अगदी हळू बोलला. उर्वशी गंजाचा काठ धरून चालत राहिली. नेम मोडला तर पाप, नाही मोडला तर तिची दुपार गावपंगतीत शालीकरामकाकांच्या नावावर जाणार, आणि पुढच्या माघापर्यंत सासू कोठीच्या दारापाशी स्वतः उभी राहणार. दोन्हींतून सुटका कशी होईल हे तिला दिसत नव्हतं.

*

ढोलाचा आवाज आधी आला, मग झेंडा दिसला. पुढे सुकराम मडावी, त्यांच्या मागे त्यांची थोरली बहीण जैवंताबाई आणि मग बाकीची ओळ. चुन्नीलाल फाटकापर्यंत गेले आणि 'जय सेवा' म्हणाले. सुकराम, रहांगडालेंना सगळे म्हणत तसं, 'जय सेवा पटेल' म्हणाले आणि दोघांनी एकमेकांचे हात बराच वेळ धरून ठेवले. दोघांचीही साठी उलटली होती आणि दोघांनाही वर्षातून एकदाच भेटायची सवय होती. घरच्या रीतीप्रमाणे उर्वशीने तांब्याने सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं. म्हाताऱ्या पायांवर तिने थोडं जास्त घातलं.

माणसं तणशीवर टेकली आणि वाटेच्या गोष्टी सुरू झाल्या. चुन्नीलालांना वर्षभर याचीच वाट असे. नागझिऱ्याच्या फाटकापाशी जंगल दाखवणाऱ्या गाईड पोरांनी जत्थ्याला थांबवून चहा दिला होता आणि वर सांगितलं होतं, की वाघ पाहायला लोक पैसे देतात, तुम्ही रात्री याच रस्त्याने गेलात तर फुकट दिसेल. गोरेगावच्या अलीकडे एका राइस मिलच्या चौकीदाराने कोंड्याच्या ढिगावर झोपायला जागा दिली. ऊब अशी होती की पहाटे कोणी उठेना. एका गावात एका हौशी माणसाने सगळ्यांना केळी वाटली, पण प्रत्येक केळ्याबरोबर फोटो काढला. जैवंताबाईंना पित्तामुळे केळं चालत नव्हतं. फोटोसाठी त्यांनी तेवढं हातात धरलं आणि मग पुढच्या माणसाच्या फोटोसाठी तेच दिलं. आणि आमगावपाशी एक बाई, ओळख ना पाळख, रस्त्यात उभी राहून म्हणाली की आमच्या घरून जेवल्याशिवाय जायचं नाही. तिच्याकडे पोळ्या कमी पडल्या तर तिने शेजारणीच्या चुलीवरून उचलून आणल्या, शेजारणीला न विचारता.

चुन्नीलाल हसत होते. मग हसता हसता ते थांबले. आमगावच्या बाईच्या पोळ्या त्यांच्या डोक्यात कुठेतरी अडकल्या. पण तेवढ्यात चमेलीबाई शिधा घेऊन आल्या आणि तो विचार तिथेच राहिला.

जैवंताबाईंनी पाटीतल्या तांदळात हात घातला आणि बोटांमधून सोडला. दर वर्षी हा तांदूळ हाताला वेगळा लागायचा. आज जाडा होता. त्यांनी चमेलीबाईंकडे पाहिलं. चमेलीबाई दुसरीकडे पाहत होत्या. यंदा पीक बसलं असेल, असं जैवंताबाईंनी समजून घेतलं. त्यांनी डाळ धुवायला घेतली आणि पाणी घ्यायला घरामागच्या बोअरवर गेल्या.

मागच्या खोलीचं दार ओढलेलं होतं, पण खिडकी उघडी होती. गरम अन्न बंद खोलीत नासेल म्हणून उर्वशीनेच ती उघडी ठेवली होती. जैवंताबाईंनी आत डोकावलं. तीन गंज आणि बड्यांची परात त्यांना नीट दिसली. उर्वशी बोअरवर कळशी भरत होती.

"एवढं कोणासाठी शिजवलं वो, पोरी?"

उर्वशीने न विचारण्याचं कबूल केलं होतं. विचारल्यावर खोटं बोलायचं कबूल केलं नव्हतं.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली.

*

सुकराम मडावींनी बहिणीला अंगणात परत येताना पाहिलं आणि त्यांना कळलं, की ही आता काहीतरी बोलणार. लहानपणापासून ती अशीच चालत आली की घरातली माणसं भांडी सांभाळत. तिच्या एका हातात न धुतलेली डाळ तशीच होती.

"पटेल," त्या चुन्नीलालांना म्हणाल्या, "सुनेनं शिजवलं, ते झाकून कायले ठेवलं?"

चमेलीबाईंनी उर्वशीकडे पाहिलं. उर्वशीने मान हलवली, की मी नाही विचारलं. चुन्नीलाल उठून उभे राहिले. झालेली चूक त्यांनी सरळ सांगितली. सून नवी आहे, तिला तुमचा नेम माहीत नव्हता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला अन्न दिसूसुद्धा नये म्हणून आत ठेवलं.

"कोणता नेम?"

"परक्या चुलीवरचं नाही खायाचा."

जैवंताबाईंना हसू आलं. त्या हसल्या तशा जत्थ्यातल्या दोन-तीन म्हाताऱ्याही हसल्या. तरुण पोरांना काही कळलं नाही. सुकराम म्हणाले, "बाई, जाऊ दे." त्या म्हणाल्या, तुझं 'जाऊ दे' मी पस्तीस वर्षं ऐकून राहिली. मग त्यांनी डाळ खाली ठेवली आणि सांगितलं.

पहिल्या वर्षी जत्था लहान होता. त्यांचे वडील पुढे होते, त्या आणि सुकराम दोघेही तरुण, मागे. भैयालाल पटेल याच ओसरीवर बसले होते. त्यांनी स्वतः हाक मारून बोलावलं, म्हणाले, जेवून जा. मनाचा मोठा माणूस होता. तेवढ्यात आतून त्यांच्या आईचा आवाज आला, बाहेरपर्यंत ऐकू येईल असा, की गोंडायले माझ्या भांड्यात वाढाचं असेल तर ती भांडी मग नदीत टाकाची. भैयालाल पटेलांची मान खाली गेली. 

"माह्या बापाले त्यांची दया आली," जैवंताबाई म्हणाल्या. "तो पुढं झाला आणि म्हणाला, पटेल, आमचा नेम आहे, आमाले कोरडाच शिधा द्या. नेम तिथंच उभ्या उभ्या तयार झाला. साऱ्या रस्त्यानं आमी खात येतो, पटेल. नेम फक्त तुमच्याच अंगणात लागते."

 कुंपणापलीकडे शालीकराम कान देऊन उभा होता.

त्या संध्याकाळी चुन्नीलाल घरी नव्हते. ते बैलगाडीने धान घेऊन गोंदियाला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी परतल्यावर वडिलांनी त्यांना जत्थ्याच्या नेमाबद्दल सांगितलं होतं, फार आदराने. वडील खोटं बोलले होते, की एक रात्र गेल्यावर त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं, हे आता कळायला मार्ग नव्हता. बापाच्या पाहुणचाराचा या घराला किती अभिमान होता. लग्नाच्या बोलणीत, तंट्यात, वाटणीच्या बैठकीतसुद्धा त्याचा दाखला निघे. आणि पाहुणचार तर समोरच्याने केला होता.

"एवढ्या वर्सांत एकदा तरी सांगाचं होतं," ते सुकरामांना म्हणाले.

"कसं सांगू?" सुकराम म्हणाले. "तुमचे बाबूजी तो नेम खरा मानत गेले. मग तुमी मानला. वहिनी आमच्यासाठी तांदूळ वेगळा ठेवत गेल्या. मानणाऱ्याले कसं सांगाचं की असा काही नेमच नाही? आणि आता तर मलेही कळत नाही. खोटा नेम एवढी वर्सं पाळला, म्हणजे तो खोटा राहिला का?"

हे त्यांनी मनापासून विचारलं होतं. त्यांचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि वडिलांचा जो शब्द ते दर माघात न चुकता पाळत, तो हाच होता. जैवंताबाईंनी भावाला सांगितलं, की बापाने तो शब्द समोरच्याची मान खाली जाऊ नये म्हणून दिला होता. आज अन्न खोलीत ठेवून निघून गेलो तर कोणाची मान वर राहते, ते बघ. आणि त्यांनी उर्वशीकडे बोट दाखवलं.

शालीकराम कुंपणाच्या फटीतून अलीकडे आला. झालं गेलं विसरा, पंगत बसू द्या, असं तो म्हणाला. रहांगडाले परिवार आणि आदिवासी बांधव एका पंगतीत, हे गावाला दिसलं पाहिजे. त्याने मोबाइल काढला. थोड्या वेळापूर्वी हीच पंगत तो उद्या स्वतःच्या नावावर देणार होता, हे त्याच्या लक्षात नव्हतं. जैवंताबाईंनी त्याला विचारलं की केळी आणली आहेत का. त्याने मोबाइल खिशात ठेवला.

*

आता सगळे चमेलीबाईंकडे पाहत होते. पंगत बसवायची की नाही हे चुन्नीलाल सांगू शकत होते, सुकराम सांगू शकत होते, पण स्वयंपाकघर चमेलीबाईंचं होतं. 

त्यांच्या मनात राग होता आणि तो कोणावर आहे हे त्यांना नक्की ठरवता येत नव्हतं. जैवंताबाईंवर काढावा तर ती खरं बोलली होती. सुनेवर काढावा तर तिने शब्द पाळला होता. ज्या आवाजाने हे सगळं सुरू झालं, ती आजेसासू त्यांनी शेवटची दोन वर्षंच पाहिली, अंथरुणाला खिळलेली. त्यांनीच तिला भरवलं होतं. नेम सांगितला तो सासूने, नवी नवरी असताना, याच चुलीपाशी, आज त्यांनी उर्वशीला सांगितला त्याच शब्दांत. आपण दर वर्षी चिन्नोर निवडत बसायचो, एक खडा राहू द्यायचो नाही, आणि ही माणसं तो तांदूळ घेताना मनात काय म्हणत असतील. या विचाराने त्यांच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

त्या वळून आत गेल्या. मागच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. उर्वशी मागोमाग गेली. तिला काहीतरी करायला हवं होतं म्हणून तिने दुकानातून आणलेला पत्रावळींचा गठ्ठा फडताळातून काढला.

"ते ठेव," चमेलीबाई म्हणाल्या.

उर्वशीला वाटलं, संपलं.

"पत्रावळी नोको. माळ्यावरची ताटं काढ. हेमेंद्राले चढव. माह्या लग्नातली पितळी आहेत ती आधी, मग स्टीलची. कमी पडली तर शालीकरामच्या घरून आण."

"मम्मीजी, पत्रावळी आहेत ना, धुवाचं तरी वाचेल."

चमेलीबाईंनी सुनेकडे पाहिलं. भांड्यांवरून हे सगळं झालं, हे या पोरीला समजावून सांगायला हवं होतं, पण ताटं पुसायचीही होती आणि वेळ थोडा होता.

"धुवाची आहेत म्हणूनच," त्या म्हणाल्या.

हेमेंद्र माळ्यावर चढला. ताटांबरोबर धूळ, एक जुनी पाळण्याची दोरी आणि एक पाल खाली आली. शालीकरामच्या घरून ताटं आली ती शालीकराम स्वतः घेऊन आला, फटीतून नाही, फाटकाने फिरून. ओसरीपासून गोठ्यापर्यंत दोन ओळी बसल्या. सुकराम अजून उभे होते. चुन्नीलालांनी पहिलं पितळी ताट त्यांच्यासमोर मांडलं आणि ते स्वतः ताटापाशी उकिडवे बसून राहिले. बस म्हणाले नाहीत. नेमाच्या माणसाला विचारायचं नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती. सुकरामांनी थोडा वेळ ताटाकडे पाहिलं, चुन्नीलालांच्या दुखऱ्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि बसले.

उर्वशीने भात वाढला, हेमेंद्रने वरण, चमेलीबाईंनी भाजी आणि बडे. पहिल्या घासांत कोणी बोललं नाही, मग सगळेच बोलू लागले. सुकरामांनी दुसऱ्यांदा भात मागितला. जत्थ्यातल्या एका पोराने चौथ्यांदा मागितला आणि त्याची सर्वांनी थट्टा केली. उर्वशी प्रत्येक ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन परत येत होती आणि प्रत्येक वेळी विचारत होती, की बरं झालं का? सगळे म्हणत होते, लय बरं झालं. सासू परतल्यापासून ज्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं तिथे ते हळूहळू परत आलं.

जत्था उठला. घरच्यांनी शेवटी जेवायचं ही या घराची रीत, आणि ते आत स्वयंपाकघरात बसून. चमेलीबाई गंज उचलायला वाकल्या तर जैवंताबाईंनी त्यांच्या हातातून पळी काढून घेतली.

"आता तुमी इथंच बसा. आमी वाढतो."

उर्वशी लगेच बसली. तिला भूक लागली होती. हेमेंद्र तिच्या शेजारी बसला. चुन्नीलाल एक हात जमिनीला टेकवत तिसरे बसले. शालीकरामला कोणी म्हटलं नव्हतं, तोही बसला. घरच्यांत आता चमेलीबाई एकट्या उभ्या होत्या. कुंपणापाशी भाग्यश्री आणि गल्लीतल्या दोघी-तिघी उभ्या होत्या आणि त्या काय बघत आहेत हे चमेलीबाईंना पाठ होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंगणात, चमेलीबाई गोंडाच्या हातचं वाढून घेतात की नाही.

जैवंताबाई पळी घेऊन थांबल्या. त्यांनी बसा असं पुन्हा म्हटलं नाही. गंज कमरेला टेकवून त्या नुसत्या उभ्या राहिल्या, पाय दुखत असूनही.

चमेलीबाईंनी पदर सावरला आणि सुनेच्या पलीकडे बसल्या. समोर ताट आलं. जैवंताबाईंनी भात वाढला, मधे खळगा केला, त्यात वरण ओतलं, आणि कडेला दोन बडे ठेवले. चमेलीबाईंनी भात कालवला आणि पहिला घास घेतला. अंगणातली माणसं आपापलं बोलत असल्याचं दाखवत होती.

चमेलीबाईंनी घास गिळला. मग शेजारी पाहिलं. हेमेंद्र खाली मान घालून भराभर जेवत होता. चुन्नीलाल वरणाकडे विचारात पडल्यासारखे बघत होते.

"उर्वशी," चमेलीबाई म्हणाल्या, "वरणात मीठ टाकलं नाही का वो?"

उर्वशीचा हात तोंडापाशीच थांबला. पाहुण्यांच्या आधी चाखायचं नाही म्हणून तिने काही चाखलं नव्हतं. तिने आता चाखलं. वरणात मिठाचा कणही नव्हता. दोन्ही ओळी, तीस-पस्तीस माणसं, भातावर भात घेऊन, लय बरं झालं म्हणत उठली होती.

तिने जैवंताबाईंकडे पाहिलं. "तुम्ही सांगतलं काऊन नाही?"

जैवंताबाई वरणाची दुसरी पळी भरत होत्या.

"आमी पाहुणे, पोरी," त्या म्हणाल्या. "मिठाचं घरचं माणूस सांगते."

चमेलीबाई उठल्या नाहीत. डाव्या हाताने स्वयंपाकघराकडे दाखवून त्या जैवंताबाईंना म्हणाल्या, "फडताळात खालच्या खणात आहे. आत जाऊन आणा."